वारसास्थळांच्या नोंदींचें एक मुक्त साधन : ‘आर्चेस’

सन २००३ च्या एप्रिल महिन्यांत बगदादचें वस्तुसंग्रहालय लुटलें गेलें, हें वाचकांस विदित आहेच. प्राचीन स्थळांची व वस्तूंची विश्वसनीय यादी हाताशीं असल्यावांचून त्यांचें रक्षण होत नाहीं, हें त्या अनर्थानें सर्वांच्या प्रत्ययास आणून दिलें. प्रस्तुत लेखाचा विषय जें ‘आर्चेस’ नांवाचें संगणकीय साधन, त्याचें मूळ याच अनुभवांत आहे.

गेटी संवर्धन संस्था व वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या दोन संस्थांनीं प्रथम इराकचें काम हातीं घेतलें. पुढें जॉर्डनच्या पुरातत्त्व खात्याच्या सहकार्यानें ‘मेगा-जॉर्डन’ ही अरबी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील नोंदपद्धति सिद्ध होऊन सन २०१० मध्यें चालू झाली. प्रत्येक देशानें असें साधन मुळापासून बांधणें खर्चाचें व व्यर्थ श्रमाचें आहे, असें दिसून आल्यावरून सर्वांस उपयोगी पडेल असें ‘आर्चेस’ सन २०१३ मध्यें प्रसिद्ध करण्यांत आलें. त्याची आज्ञावली मुक्त आहे. ती कोणीही घ्यावी व बदलावी. मात्र बदललेलें साधन जाळ्यावरून इतरांस वापरावयास दिलें, तर बदललेली आज्ञावलीही त्यांस उपलब्ध करून दिली पाहिजे, अशी अट आहे.

आतां रचनेकडे वळूं. मूळ नोंदी ‘पोस्टग्रेस’ नांवाच्या कोठारांत राहतात. शोध घेण्याकरितां ‘इलॅस्टिकसर्च’ ही निराळी सूचि असते. सूचि नष्ट झाली तर मूळ बहीवरून ती पुन्हां तयार करितां येते. बही गेली तर सूचीचा आधारच जातो. हा भेद ज्याच्या ध्यानांत नाहीं, त्यानें साधन उभारण्याच्या भरीस पडूं नये.

नोंदींची मांडणी ज्या प्रतिमानावर केली जाते, तें सन २००६ मध्यें आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालें. त्याचें मर्म असें कीं, वस्तूस तारीख नसते, घटनेस असते. शनिवारवाड्याची तारीख कोणती? पाया घातला १७३० त, वास्तुशांति झाली १७३२ त, मोठी आग लागली १८२८ त. एकाच रकान्यांत हें कोंबूं गेल्यास इतिहास हरवतो. प्रत्येक घटना स्वतंत्र नोंदिल्यास तो टिकतो.

साधन आपल्या कार्यास अनुरूप करून घेणें म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी ठरविणें : कशाकशाची नोंद ठेवावयाची, कोणते पारिभाषिक शब्द मान्य करावयाचे, आणि पाहणारास काय दाखवावयाचें. लॉस एंजेलिस शहरानें सुमारें ८,८०,००० भूखंडांची पाहणी हातीं घेतली व तिच्या फलाकरितां सन २०१५ मध्यें याच साधनावर आपलें संकेतस्थळ उघडलें. पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील संकटग्रस्त स्थळांचें काम ऑक्सफर्ड येथून सन २०१५ पासून आरंभिलें गेलें, त्यास निराळेंच पाहिजे होतें : स्थळास पोंचलेली हानि, तिचें कारण, आणि तें विधान कितपत निश्चित आहे याचा दर्जा. विधानाबरोबर त्याची निश्चिति नोंदण्याची ही रीति आमच्या संशोधकांनींही उचलण्याजोगी आहे.

येथें एक इशारा अवश्य आहे. आपले बदल मूळ आज्ञावलींत घुसडूं नयेत; ते स्वतंत्र ‘प्रकल्पां’त ठेवावे. मूळ पोथीवर हरताळ फिरवून खाडाखोड करणारा लेखक पुढच्या अभ्यासकाची वाट बंद करितो. टिपणें वेगळ्या पानावर ठेवणारा ती मोकळी ठेवितो. मूळांत हात घातला कीं पुढील आवृत्ति स्वीकारणें दुर्घट होतें.

मराठी कागदांच्या संग्राहकांस खरी अडचण तारखांची पडेल. अनिश्चित काल नोंदण्याची सोय या साधनांत आहे. परंतु शक, फसली किंवा सुहूर सन यांचें गणित तें आपण होऊन करणार नाहीं. एक शक दोन इसवी सनांत विभागला जातो. तेव्हां महिना व तिथि नसल्यास एकच इसवी सन लिहिणें चुकीचें. दोन्ही टोकें द्यावीं, व मूळांतील मिति जशीच्या तशी वेगळ्या रकान्यांत राखावी.

प्रत्यक्ष उभारणीचें तंत्र जाणकारावर सोंपवितां येईल. मात्र तीन गोष्टी चालकांनीं स्वतः पाहाव्या. नवख्याची नोंद तपासणाराच्या संमतीवांचून पक्की होऊं नये. अरक्षित स्थळाचें नेमकें ठिकाण व खाजगी दप्तराच्या मालकाचें नांव वाटसरूस दिसूं नये. तशी परवानगीची व्यवस्था साधनांत आहे, परंतु ती कोणी तरी योजावी लागते. बहीची नक्कल दुसऱ्या स्थळीं नियमानें ठेवावी, व ती परत उघडते कीं नाहीं हें मधून मधून अजमावावें.

साधन फुकट मिळतें, परंतु त्याची राखण फुकट होत नाहीं. लावून देणारा निघून गेला व मागें कोणी शिकला नाहीं, तर कसरीनें खाल्लेल्या दप्तरापेक्षां अशा नोंदींची अवस्था बरी राहणार नाहीं. म्हणून आधीं शंभर कागदांची यादी हातानें करावी, रकाने व शब्द त्यावर पारखून घ्यावे, सांभाळणारा नेमावा, आणि मगच यंत्राकडे वळावें. आपलें दप्तर दाखविण्यास कचरणारा मालक यंत्रावर विश्वास ठेवीत नाहीं, यंत्रामागच्या माणसांवर ठेवितो. इत्यलम्.