टीफेनचे काळे स्फटिक

धूम्रस्फटिक म्हणजे मुळात आपली गारगोटीच. रंग मात्र धुरकट तपकिरी, क्वचित शाईसारखा काळा. या पाषाणाच्या इतिहासातील मोठे नाट्य १८६८ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडात घडले.

ऊरी परगण्यात, फुर्का खिंडीजवळ, टीफेन नावाची हिमनदी आहे. तिच्या माथ्यावरील ग्रॅनाइटच्या कड्यात एक पोकळी होती. शेजारच्या बर्न परगण्यातील गुटानेन गावचे लोक तेथवर चढले, सुरुंग लावून त्यांनी तिचे तोंड मोठे केले आणि आत पाहतात तो काळ्या स्फटिकांची रास! त्यांतील सव्वाशे किलोंहून जड अशा दोघांना पुढे ‘आजोबा’ आणि ‘राजा’ ही नावे पडली. परंतु भूमी ऊरीची होती. तेथील सरकारचा मनाई हुकूम येईतो गुटानेनकरांनी बहुतेक माल डोंगरापलीकडे आपल्या गावी पोचविला होता. कायद्याने हा अपहारच. तथापि कड्यावर जिवाची बाजी लावणाऱ्या त्या गरिबांना चोर म्हणवत नाही. पुष्कळसे स्फटिक रत्ने कापणाऱ्यांच्या हाती जाऊन नाहीसे झाले. निवडक तेवढे बर्नच्या संग्रहालयात राहिले, ते आजही तेथे पाहावयास मिळतात.

हा काळा रंग आला कोठून? सेंद्रिय द्रव्याच्या अंशामुळे, असा त्या काळी काहींचा तर्क होता. खरे कारण कळणे तेव्हा शक्यच नव्हते, कारण किरणोत्सर्गाचा शोध बेकरेल यांना लागला तो १८९६ मध्ये. ग्रॅनाइटच्या भेगांत, सिलिका विरघळलेल्या अतितप्त पाण्यातून हे स्फटिक वाढले, आणि जन्मले ते वर्णहीन. सिलिकॉनच्या काही जागी ॲल्युमिनियमचे अणू तेवढे शिरले होते. पुढे खडक निवाला. त्यातील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे किरण लक्षावधी वर्षे स्फटिकांवर पडत राहिले. त्या माऱ्याने ॲल्युमिनियमलगतचे इलेक्ट्रॉन निखळले आणि तेथे प्रकाश शोषला जाऊ लागला. तोच हा धूर!

तो उष्णतेने उडतो. ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला तापविल्यास स्फटिक फिका होतो, कधी पिवळा. उरल पर्वताकडील शेतकरी हे खडे पावाच्या कणकेत घालून भाजीत, असे सांगतात. स्कॉटलंडच्या पहाडी पोशाखात केर्नगॉर्म नावाने मिरविणारा खडा याच जातीचा. आता पांढऱ्या स्फटिकावर गॅमा किरण सोडून बाजारासाठी काळा रंग चढवितात, आणि विकत घेणाऱ्याच्या नुसत्या डोळ्याला हा भेद बहुधा कळत नाही.