वेशीवरचा न्याय

 1853 पर्यंत नागपूर-भंडाऱ्याचा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. बायबलमधले न्यायाचे नियम मराठीत पहिल्यांदा छापले गेले ते दूर बंगालमध्ये, पण याच नागपूरकडच्या मराठीत. तिथल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरीच्या हाताशी नागपूरचे पंडित वैजनाथ शर्मा होते. नवा करार 1811 साली निघाला, जुना करार पुढच्या काही वर्षांत. मुंबईच्या मिशनऱ्यांना ही भाषा परकी वाटली आणि त्यांनी भाषांतर नव्याने केले.

न्यायाधीशाने लाच खाऊ नये, लहानमोठ्यांचे सारखे ऐकून घ्यावे, परक्यालाही तोच कायदा लावावा, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. एवढे बहुतेक धर्मग्रंथ सांगतील. निर्गमाचा तेविसावा अध्याय मात्र आणखी एक अवघड अट घालतो. गरिबाचा न्याय बुडवू नये हे तर खरेच, पण तो गरीब आहे म्हणून त्याच्या बाजूनेही झुकू नये. दयाळू पंचाला ही अट जाचक वाटणारच.

त्या काळी न्याय व्हायचा वेशीत. रूथच्या कथेत बवाज बेथलेहेमच्या वेशीपाशी दहा वडीलधाऱ्यांना बसवतो आणि जमिनीचा व लग्नाचा प्रश्न सर्वांदेखत मिटवतो. मराठी गावाला यात नवे काहीच नव्हते. इथल्या पंचायतीही चारचौघांतच बसत.

मराठेशाहीतल्या पंचांच्या सचोटीची कौतुके पुष्कळ झाली, पण जुनी व्यवस्था निव्वळ सचोटीवर विसंबलेली नव्हती. वाद ऐकण्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत, म्हणजे अमुक पंच आणि त्यांचा निवाडा कबूल असल्याची लेखी हमी. जामीनही द्यावा लागे. स्थानिक पंच प्रतिपक्षाला धार्जिणे आहेत असे वाटले, तर थळ बदलून मागता येई आणि वाद दुसऱ्या गावी जाई. निवाड्यानंतर जिंकणाऱ्याने हरकी म्हणजे नजराणा भरायचा, हरणाऱ्याने गुन्हेगारी म्हणजे दंड. सरकारची तिजोरी दोघांकडूनही भरे, ही त्यातली गोम. महजरावर, म्हणजे निवाड्याच्या लेखावर, बलुतेदारांच्या निशाण्या असत, त्यांत महाराचीही असे. शिक्षा ठरवताना मात्र जात पाहिली जाई. पेशवाईत ब्राह्मणाला देहान्त सहसा होत नसे. लहानमोठ्यांना एकच माप लावण्याची कसोटी इथे सरळ मोडत होती. रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणरावाच्या खुनात राघोबादादांना दोषी धरले, हे लोकांनी अडीचशे वर्षे लक्षात ठेवले. असे रोज घडत असते तर कोणी एवढे लक्षात ठेवले नसते.

1861 मध्ये इंग्रजी अमलाखाली मध्य प्रांत झाला आणि गावचा तंटा कचेरीत गेला. स्वातंत्र्यानंतर 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायतींची तरतूद होती. 1975 मध्ये महाराष्ट्राने त्या रद्द केल्या. 2007 च्या स्वातंत्र्यदिनी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि तंटे पुन्हा गावात मिटू लागले.

या मोहिमेतल्या गावच्या तंटामुक्त समितीला निकाल देता येत नाही, तिने समेट घडवायचा असतो. पण समेटालाही निःपक्ष माणूस लागतो. म्हणून ग्रामसभेत समितीची नावे ठरताना गावकऱ्यांनी जुनाच राजीनाम्याचा प्रश्न विचारावा: ही माणसे दोन्ही बाजूंना कबूल आहेत का?