अव मासाची नवमी

विजयाच्या तिथी सारीच राष्ट्रे पाळतात. पराभवाच्या तिथी पंचांगात नोंदवून त्या दिवशी पिढ्यान्‌पिढ्या निरशन करणारा समाज विरळा. यहुदी समाजाने ते केले आहे, आणि त्यामागील दृष्टी आम्हांस विचारार्ह वाटते.

‘योम किप्पूर’ हा यहुद्यांचा पापक्षालनाचा उपवास होय. तो शोकदिन नव्हे. शोकाचे उपवास इतिहासातून आले. तेवेत मासाची दशमी ही बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने जेरुसलेमला वेढा घातल्याची तिथी. तम्मूज मासाचा सतरावा दिवस नगराचा तट फुटल्याचा. आणि अव मासाची नवमी मंदिराच्या विध्वंसाची. पहिले मंदिर बाबिलोनी सैन्याने इ. स. पू. ५८६ च्या सुमारास जाळले, दुसरे रोमन सेनापती तीतसच्या सैन्याने इ. स. ७० मध्ये. परंपरेने दोन्ही आघात याच तिथीवर मांडले. त्या नवमीस सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्री तारे दिसेपर्यंत अन्न, पाणी, स्नान आणि चामडी पादत्राणे वर्ज्य असतात. घरात मृत्यू घडावा त्याप्रमाणे लोक जमिनीवर वा ठेंगण्या आसनावर बसून विलापगीते वाचतात.

चौथा उपवास अधिक बोलका आहे. पहिल्या विध्वंसानंतर मागे राहिलेल्या लोकांवर बाबिलोनने गदल्या नावाचा यहुदी अधिकारी नेमला होता. त्याची हत्या एका स्वकीयानेच केली आणि उरलेसुरले लोक भयाने मिसर देशात गेले. तिश्री मासाच्या तृतीयेचा उपवास या हत्येसाठी आहे. तालमूद ग्रंथानेही दुसऱ्या मंदिराच्या नाशाचे कारण रोमच्या सामर्थ्यात न शोधता यहुद्यांच्या आपापसांतील निष्कारण द्वेषात शोधले. या शोकाचा रोख असा प्रथम स्वतःकडे वळतो.

त्याला मर्यादाही आहे. दुसरे मंदिर पडल्यावर काहींनी मांस व मद्य सोडले. राब्बी यहोशुआ यांनी त्यांची समजूत घातली की, शोक मुळीच न करणे अशक्य, तसाच तो अतिरेकाने करणेही अशक्य; घर अवश्य बांधावे, मात्र भिंतीचा थोडा भाग गिलाव्यावाचून ठेवावा.

आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाजाने या नवमीला ‘बिरड्याचा सण’ असे अस्सल मराठी नाव दिले. वालाच्या बिरड्यावरून दूरच्या जेरुसलेमचे दुःख अष्टागरातील घरांत ओळखले जावे, यात आम्हांस त्या मर्यादेचेच दर्शन घडते. संसार चालू राहिला आणि स्मृतीही राहिली.

हे उपवास पुढे आनंदाचे सण होतील, असे भविष्य जखऱ्या संदेष्ट्याने वर्तविले होते. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले, १९६७ साली जुने जेरुसलेमही त्याच्या ताब्यात आले. तरी नवमीचा उपवास सुटलेला नाही. गेलेले नगर हाती आले, तरी ते ज्या दुहीने गेले ती दुही संपली किंवा नाही, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आमच्या मते उपवासाने विचारायचा प्रश्न तोच आहे, आणि तो एकट्या यहुद्यांनीच स्वतःला विचारावा असा नाही.