राणीची मुद्रा आणि शंभर मेंढ्या: प्राचीन इराणच्या अभिजनांची घरगुती पत्रे

इ.स.पू. ५०३ चा वसंत. पर्सेपोलिसच्या कारभाराचा प्रमुख पर्नक हा पशुधन सांभाळणाऱ्या हर्रेना नामक अधिकाऱ्यास पत्र धाडतो. सम्राट दारयवहूने (ग्रीकांचा डरायस) आपल्या खासगी मालमत्तेतून इर्तश्दुना हिला शंभर मेंढ्या देण्याची आज्ञा केली आहे. सम्राटाने जे मला सांगितले, तेच मी तुला सांगत आहे, असा पत्राचा आशय. मद्याच्या कोठारालाही असेच एक पत्र गेले. तिला २०० मर्रिश मद्य द्यावे, ही राजाज्ञा. एक मर्रिश म्हणजे सुमारे दहा लिटर. म्हणजे दोन हजार लिटर मद्य, एका स्त्रीसाठी!

मित्रहो, ही इर्तश्दुना कोण? साम्राज्याचा संस्थापक कुरुष याची ती कन्या आणि दारयवहूची पत्नी. हेरोडोटस तिला आर्टिस्टोनी म्हणतो. दारयवहूची ती सर्वांत लाडकी राणी होती आणि त्याने तिची सोन्याची प्रतिमा घडवून घेतली होती, असेही तो नोंदवतो. सोन्याची ती प्रतिमा आज कुठेही नाही. मेंढ्यांचा हिशेब मात्र अडीच हजार वर्षे टिकला, कारण तो मातीवर लिहिला होता.

१९३३ मध्ये पर्सेपोलिसच्या तटबंदीत अर्न्स्ट हर्झफेल्ड यांच्या उत्खनन-चमूला अशा हजारो मृत्तिकापट्टिका सापडल्या. त्यांतील बहुतेक एलामी भाषेत आहेत आणि इ.स.पू. ५०९ ते ४९३ या काळातील आहेत. धान्य, मद्य, पशू, मजुरांचे शिधे. वरवर पाहता सारा रुक्ष जमाखर्च. ‘तू कशी आहेस’ असे कोणी कोणाला विचारत नाही. तरीही मी यांना कौटुंबिक पत्रेच म्हणेन. लिहिणारा पर्नक हा बहुधा सम्राटाचा चुलता, देणारा पती, घेणारी पत्नी. मध्ये केवळ कोठार आहे.

याहून महत्त्वाची आहेत ती इर्तश्दुनाने स्वतः पाठवलेली पत्रे. ती शलमन नामक कारभाऱ्याला आज्ञा देते: माझ्या अमुक गावच्या वाड्यातील इतके मद्य अमक्याला द्यावे. गावांची नावे येतात, हिशेब कोणी ठेवायचा तेही येते आणि खाली उमटते तिची स्वतःची मुद्रा. पतीची नव्हे, पुत्राची नव्हे. त्या मुद्रेपुढे कोठारे उघडत. काही नोंदींत तिचा पुत्र अर्शाम याचे नाव तिच्यासोबत येते. मायलेकांच्या नावे पीठ खर्ची पडलेले दिसते. हाच अर्शाम पुढे झर्क्सिसच्या ग्रीस मोहिमेत सेनानी म्हणून हेरोडोटसच्या ग्रंथात भेटतो.

इर्दबमा या दुसऱ्या राजस्त्रीची कथा तर अधिक विलक्षण आहे. ग्रीक इतिहासकारांना तिचे नावही ठाऊक नाही. पट्टिकांत मात्र ती पदोपदी आढळते. तिरझ्झिश, म्हणजे आजच्या शिराझच्या परिसरात, चारशेहून अधिक मजूर तिच्या नावे शिधा घेत. तिचा कारभारी रश्दा वापरत असलेल्या मुद्रेवर आसनस्थ स्त्रीपुढे भरलेला दरबार कोरलेला आहे. केवळ ग्रीक ग्रंथांच्या आधारे इराणी स्त्रियांचा इतिहास लिहिला असता, तर या बाईंना त्यात जागाच मिळाली नसती.

ग्रीकांचे म्हणणे काय होते? प्लुटार्क लिहितो, की पर्शियन पुरुष आपल्या स्त्रियांना डोळ्यांत तेल घालून जपतात आणि प्रवासातही पडदे लावलेल्या गाड्यांत ठेवतात. पडदे असतीलही. परंतु इ.स.पू. ४९८ च्या एका नोंदीत मर्दोनियसची पत्नी, सम्राटाची कन्या, प्रवासातील शिधा घेताना दिसते. राजरस्त्यावरच्या टप्प्याटप्प्यावर तिच्या नावे खर्च पडतो. गाडीला पडदा असणे आणि घरात कोंडून ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या वैभवाखाली कोण राबत होते, हेही याच पट्टिका सांगतात. कामकरी स्त्री बाळंत झाली की तिला जादा शिधा मिळे; मुलगा झाल्यास मुलीच्या दुप्पट. राणी मुद्रा उमटवत होती आणि तिच्याच मुलखात मजुराची लेक जन्मतःच अर्ध्या मापाची ठरत होती. दोन्ही गोष्टी एकाच दफ्तरात नोंदल्या गेल्या.

दफ्तरावरून आठवले. आपला हा शब्द फारसीतून आला आणि फारसीत तो ग्रीक ‘डिफ्थेरा’पासून, म्हणजे कमावलेल्या चामड्यापासून, आला असे मानतात. आणि खरोखरच चामड्यावर लिहिलेली इराणी सरदारांची पत्रे आपल्यापाशी आहेत. काळ जवळपास नव्वद वर्षे पुढचा, भाषा अरामी. पत्रे इजिप्तचा क्षत्रप अर्शाम याची आणि त्याच्या वर्तुळातील सरदारांची. (हा अर्शाम राणीचा पुत्र नव्हे, राजकुळात तीच नावे पुन्हा पुन्हा येत.) ती आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत.

यांतला मायना पाहण्यासारखा आहे. बरोबरीच्या सरदाराला लिहिताना अर्शाम आरंभी क्षेमकुशल चिंततो. कारभारी नख्तहोरला लिहिताना थेट कामाला हात घालतो. आपल्याकडे तीर्थरूपांस आणि चिरंजीवांस वेगवेगळा मायना असे, तसेच हे. मजकूर पुन्हा घरचाच. हिंझनी नावाच्या शिल्पकाराला व त्याच्या घरच्या बायकांना इतर सेवकांप्रमाणेच शिधा द्यावा. त्याने पूर्वीसारखीच अश्वारूढ पुरुषाची मूर्ती घडवावी आणि ती मजकडे पाठवावी.

आणि एक पत्र संतापाचे. विरफ्शा नावाचा सरदार याच नख्तहोरला खडसावतो: तू माझ्या मालमत्तेतील मद्य व धान्य लाटलेस, माझ्या बाईसाहेबांच्या चाकरांना मारहाण केलीस, मालमत्ताही नेलीस. घेतलेले सारे परत कर. पुन्हा तक्रार आली तर तुझी कडक चौकशी होईल. दूरदेशीच्या धन्याची सारी सत्ता त्या चामड्याच्या तुकड्यावर होती, आणि नख्तहोरने ते पत्र फाडले नाही.