सहकारी औद्योगिक प्रशिक्षण, सुरत
अभियांत्रिकीचे शिक्षण चालू असतानाच विद्यार्थ्याने उद्योगात प्रत्यक्ष काम करण्याची पद्धत. हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात ती सुरू केली. तेथे वर्ग व काम आळीपाळीने चालत. सुरतेत अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था १९६१ मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाली. २००२ मध्ये तिला राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. जवळच्या हजिरा पट्ट्यातील खत, पोलाद, पेट्रोरसायन व नैसर्गिक वायूचे प्रकल्प आणि शहरातील कापड व हिरे उद्योग यांमुळे येथे अशा प्रशिक्षणास मोठा वाव आहे. प्रशिक्षणासाठीच्या अर्जात शैक्षणिक गुणांबरोबरच केलेल्या प्रकल्पांची नेमकी माहिती महत्त्वाची ठरते. पदवीनंतरची शिकाऊ उमेदवारी या प्रशिक्षणाहून वेगळी असून ती १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली येते. १९७३ च्या दुरुस्तीने तीत पदवीधर अभियंत्यांचा समावेश झाला.