मकरमुख, गोमुख आणि पाण्यावरचा हक्क

जुन्या दगडी इमारतीतून पाणी बाहेर सोडण्यासाठी भिंतीत बसवलेल्या कोरीव दगडाला प्रणाल म्हणतात. आपल्या बोलीतला ‘पन्हाळ’ त्याच कुळातला. छताचे पाणी भिंतीवरून ओघळले तर सांध्यांत मुरते, पाया भिजतो. म्हणून दगड पुढे काढून धार लांब टाकतात. मंदिरात अभिषेकाचे पाणीही असेच, बहुधा उत्तरेकडून, बाहेर येते. दगडाला गाईचे तोंड दिले की गोमुख, मकराचे दिले की मकरमुख. मकर म्हणजे मगरीचा जबडा व हत्तीची सोंड असलेला कल्पित जलचर.

मकर कुणा एका धर्माचा नाही. भारहूतच्या बौद्ध शिल्पांत तो आहे. जावातील बोरोबुदूर या नवव्या शतकातील स्तूपावरही पावसाचे पाणी अशाच कोरीव मुखांतून पडते.

सातारा जिल्ह्यात जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरातले गोमुख प्रसिद्ध आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या नद्यांचे मानलेले प्रवाह तिथे गोमुखातून कुंडात पडतात. हीच कृष्णा पुढे वाई, कराडवरून सांगलीच्या घाटांना लागते. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरातील बौद्ध लेण्यांत मात्र पाण्यासाठी साधी टाकी खोदलेली आहेत. पश्चिम भारतातील लेण्यांचे शिलालेख अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. पोढीचे दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, तसे सोनारही आहेत.

पाणी बाहेर कसे पडते, हे दगड सांगतो. ते कुणाच्या ओंजळीत पडत होते, हे सांगत नाही. याच सातारा जिल्ह्यात 1901 साली मसूर स्टेशनवरून बैलगाडीने वडिलांकडे निघालेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या भावंडांना जातीमुळे वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव 1923 चा, चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा.

वारशाची नोंद करणाऱ्या तरुणांनी म्हणून दोन रकाने ठेवावेत. पहिल्यात शिल्प, दगड, मोजमाप, पाण्याची दिशा. दुसऱ्यात त्या पाणवठ्यावर कोण भरत असे, कोणाला मज्जाव होता, तो कधी आणि कसा उठला. पहिला रकाना पुढेही भरता येईल, दगड टिकतो. दुसरा वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडेच आहे. तो आधी भरा.