भरून घेतलेली गाणी

पहाडगंजच्या आराकशां रोडवर मे महिन्यात पहाटे चारलाच लगबग सुरू होते. हॉटेलांच्या दाराशी टेम्पो ट्रॅव्हलर लागलेल्या असतात, टपावर बॅगा चढवून ताडपत्री आवळली जात असते, चहाचे कागदी पेले हातोहात फिरत असतात. आदल्या दिवशी रेल्वेने नवी दिल्ली स्टेशनवर उतरलेली नाशिक-सांगलीकडची मंडळी चारधामला निघालेली असतात. 'गणपती बाप्पा मोरया' होते, गाडी देशबंधू गुप्ता रोडला लागते आणि मागच्या सीटवरून प्रश्न येतो, "भैया, पेनड्राइव्ह चलता है क्या?" चालक मान हलवतो. मग एखाद्या काकू पर्सच्या आतल्या कप्प्यातून रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढतात आणि पुढे पाठवतात. "मुलाने गाणी भरून दिलीत," असे सांगायला त्या विसरत नाहीत.

या वाक्यातले 'भरून' हे क्रियापद त्या पेनड्राइव्हपेक्षा निदान एका पिढीने मोठे आहे. इंग्रजीत गाणी 'कॉपी' होतात किंवा 'लोड' होतात. मराठीत ती भरली जातात, डब्यात लाडू भरावेत तशी. चालकाच्या हिंदीतही 'गाने भरवाना' हाच शब्द आहे. गाडीतल्या पेनड्राइव्हचे कूळ शोधायचे तर यंत्रांची यादी पुरत नाही, या 'भरण्या'चा माग काढावा लागतो.

गाडीत संगीत आधी आले ते न भरता, हवेतून. १९३० मध्ये अमेरिकेतल्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. रेडिओवर लागेल ते ऐकायचे, निवड स्टेशनवाल्याची. आपल्या आवडीचे गाणे गाडीत नेण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न क्रायस्लर कंपनीने १९५६ च्या गाड्यांत केला. डॅशबोर्डखाली चक्क तबकडी वाजवणारे यंत्र बसवले, मिनिटाला १६ आणि दोन तृतीयांश फेरे घेणारे. सुई उडू नये म्हणून तिचा दाब वाढवावा लागला आणि त्या दाबाने तबकड्या झिजू लागल्या. थोड्याच वर्षांत ते यंत्र गेले. १९६५ पासून फोर्डच्या गाड्यांत एट-ट्रॅक टेप आली. तिच्यात गाणी कंपनीच भरून द्यायची, ती घरी भरण्याची सोय फारशी रुळली नाही.

ती सोय सर्वांपर्यंत पोचवली कॅसेटने. फिलिप्स कंपनीत लू ओटेन्स यांच्या तुकडीने ती घडवली आणि १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडली. खिशात मावणारी, खड्ड्यात न उडणारी, आणि मुख्य म्हणजे पुसून पुन्हा भरता येणारी. पेनड्राइव्हचा स्वभाव इथेच ठरला.

पहाडगंजहून दोन-तीन किलोमीटरवर दर्यागंज आहे. तिथे वडिलांच्या फळांच्या रसाच्या दुकानात वाढलेल्या गुलशन कुमार यांनी कॅसेटचा धंदा उभा केला. त्यांच्या सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीजची, म्हणजे टी-सीरीजची, नोंद १९८३ ची. मोठ्या कंपन्यांच्या निम्म्या-पाव किमतीत कॅसेट विकायची आणि ती पानाच्या टपरीवर, किराणा दुकानातही ठेवायची, हा त्यांचा मार्ग. त्याच वर्षी, १४ डिसेंबर १९८३ रोजी, इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. स्वस्त कॅसेट आणि छोटी गाडी दिल्लीच्या परिसरात एकाच वेळी आली. टी-सीरीजच्या भक्तिसंगीताचा मुख्य आवाज पुढे झाला तो मुंबईच्या अनुराधा पौडवाल यांचा. त्यामुळे दिल्लीहून कटऱ्याला किंवा हरिद्वारला निघालेल्या मराठी यात्रेकरूंना टॅक्सीत हिंदी भजने ऐकू यायची, पण गळा ओळखीचा असायचा.

विकत मिळणाऱ्या कॅसेटच्या जोडीने दुसरी एक कॅसेट वाढत होती, दुकानातून भरून घेतलेली. पुणे, नागपूर, दिल्ली, कुठेही बाजारपेठेत एक दुकान असायचे. भिंतीवर तबकड्या, टेबलावर जोडलेले दोन डेक. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायचे, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचे आणि दोन दिवसांनी कॅसेट न्यायचे. अर्ध्या तासात एक बाजू संपणार, तेव्हा शेवटचे गाणे मध्येच तुटू नये म्हणून दुकानदार मिनिटे जुळवायचा, प्रसंगी यादीतल्या दोन गाण्यांची अदलाबदल करायचा. लांबच्या प्रवासाची कॅसेट वेगळी, लग्नाच्या बसची वेगळी. नवीन अ‍ॅम्बॅसेडर घेणारा टॅक्सीवाला सीटकव्हर आणि स्टीरिओच्या जोडीने आठ-दहा कॅसेट भरून घ्यायचा. गाडीचा मालक कसा आहे ते तिच्यातल्या कॅसेटच्या खोक्यावरून कळायचे.

सीडीने हे भरणे काही काळ थांबवले. ती आली १९८२ मध्ये, गाडीत बसली १९८४ पासून, आणि भारतीय टॅक्सीला ती दीर्घकाळ परवडलीच नाही. पुढे एमपी३ आले. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी कानाला न जाणवणारे आवाज गाळून गाण्याची फाइल दहा-अकरा पट लहान करण्याची रीत बसवली. फाइलच्या नावाला '.एमपी३' हे शेपूट लावायचे, असे १४ जुलै १९९५ रोजी ठरले. सातशे मेगाबाइटच्या एका सीडीत बारा तासांचे संगीत मावू लागले. दीडशे गाण्यांची सीडी ही दिल्लीतल्या पालिका बाजारची आणि पहाडगंजच्या मेन बझारची ओळखीची वस्तू झाली. पण रस्त्यावर ती टिकत नसे. उन्हात डॅशबोर्डवर राहिली की वाकायची, धुळीने ओरखडायची, खड्ड्यात अडखळायची.

पेनड्राइव्हचे बी तोवर पडलेले होते. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी १९८४ मध्ये जगापुढे मांडली. वीज गेली तरी तिच्यातली माहिती राहते, आणि फिरणारा एकही भाग तिच्यात नसतो. ती पुसली जाताना कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण होते, असे एक सहकारी म्हणाले आणि तेच नाव पडले. दुसरा धागा बडोद्याहून येतो. सयाजीराव गायकवाडांच्या नावाच्या तिथल्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट इंटेलमध्ये होते. प्रत्येक उपकरणाला वेगळी वायर आणि वेगळे तोंड या जंजाळातून सुटण्यासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी यूएसबी घडवली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ ची. या दोहोंची गाठ कोणी घातली, यावर तीन देश हक्क सांगतात. इस्रायलच्या डोव्ह मोरान यांच्या एम-सिस्टिम्सने १९९९ च्या एप्रिलमध्ये पेटंटचा अर्ज केला, चीनच्या नेटॅकनेही त्याच वर्षी केला, तर सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने २००० मध्ये हॅनोव्हरच्या प्रदर्शनात 'थंबड्राइव्ह' दाखवला. २००० च्या डिसेंबरात आयबीएमने विकायला काढलेला पेनड्राइव्ह आठ मेगाबाइटचा होता. त्यात साध्या प्रतीच्या एमपी३ची जेमतेम आठ मिनिटे मावली असती. नंतर चार गिगाबाइटचा पेनड्राइव्ह टपरीवर मिळू लागला तेव्हा त्यात तेच संगीत ६९ तासांचे मावत होते. दिल्ली ते बद्रीनाथ जाऊन परत आले तरी एक गाणे पुन्हा लागू नये, इतके.

गाडीत अशी साठवण नेण्याचा पहिला धाडसी प्रयोग मात्र पेनड्राइव्हच्या आधीचा आहे. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या एम्पेग कंपनीने लॅपटॉपची हार्डडिस्क घातलेला कार प्लेयर काढला. तो डॅशबोर्डमधून अख्खा खेचून काढायचा, घरी न्यायचा, संगणकाला जोडून गाणी भरायची आणि सकाळी पुन्हा खाचेत सरकवायचा. महाग आणि मूठभरांचा, पण 'घरी भरा, गाडीत वाजवा' ही आजची रीत त्याच्यात पूर्ण दिसते.

ती खाच बदलली नाही, म्हणूनच जुन्या गाड्यांना पेनड्राइव्ह इतका सहज मिळाला. स्टीरिओच्या खाचेचे माप, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच, जर्मन मानक संस्थेने बांधून दिले. ते पुढे जगभर चालले आणि करोलबागचा फिटर आजही त्याला 'सिंगल डिन' म्हणतो. कॅसेटचा डेक काढायचा आणि त्याच जागी यूएसबीचे तोंड असलेला स्टीरिओ सरकवायचा, एवढेच काम. ज्यांना तेवढाही खर्च नको होता त्यांच्यासाठी एफएम ट्रान्समीटर आला. सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा हा ठोकळा बारा व्होल्टचे पाच करतो, त्याच्या पाठीत पेनड्राइव्ह खोचायचा, आणि तो गाणी एफएमवरून दोन-चार मीटर अंतरापुरती प्रसारित करतो. गाडीचा जुना रेडिओ ती पकडतो. त्यासाठी मोकळी फ्रिक्वेन्सी हवी. दिल्लीत ९८.३ वर मिर्ची, १०२.६ वर रेनबो, त्यामुळे कुठेतरी मधली जागा शोधावी लागते. गाडी पुढच्या शहरात शिरली की तिथले स्टेशन अंगावर येते, अभंगात जाहिरात घुसते, आणि चालक एका हाताने बटण दाबत नवी जागा शोधतो.

गाणी भरणारा दुकानदारही नव्या रूपात परतला. २००८-१० च्या सुमारास मोबाइल रिचार्जच्या दुकानांत संगणक आला आणि काचेवर 'डाउनलोडिंग' ही पाटी लागली. दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळे. कॅसेटवाल्याप्रमाणे हाही गिऱ्हाइकाला पाहून निवड करायचा: ट्रकवाल्याला वेगळे फोल्डर, यात्रेच्या गाडीला वेगळे. यातले बहुतेक भरणे परवान्याशिवायचे होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमात त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. गायक, वादक, गीतकार यांना या दहा रुपयांतला एक पैसाही मिळाला नाही, ही या कुळातली दुखरी बाजू आहे.

घरी मुलगा किंवा भाचा भरून देतो तेव्हा अडचणी निराळ्या येतात. साध्या स्टीरिओला एफएटी३२ या १९९६ च्या मांडणीचा पेनड्राइव्ह लागतो. चौसष्ट गिगाबाइटचा नवा पेनड्राइव्ह बहुधा दुसऱ्या मांडणीत येतो आणि गाडी त्याला ओळखतच नाही. क्रमाची गोष्ट त्याहून गमतीची. अनेक स्टीरिओ गाणी नावाच्या अकारविल्हेने लावत नाहीत, ज्या क्रमाने ती पेनड्राइव्हवर उतरली त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून जाणता भाचा काकड आरतीपासून एकेक फाइल क्रमाने भरतो, कॅसेटवाला भरायचा तशीच.

मराठी नावे हाही एक प्रश्न. एमपी३च्या शेवटी गाण्याची माहिती ठेवण्याची १९९६ ची पहिली रीत अवघ्या १२८ बाइटची होती, शीर्षकाला तीस आणि गायकाला तीस. तिच्यात देवनागरीला जागाच नव्हती. पुढच्या आवृत्तीने ती दिली, पण स्वस्त स्टीरिओच्या पडद्यात देवनागरी टंकच नसतो. भीमसेन जोशींचा अभंग वाजत असतो आणि पडद्यावर रिकाम्या चौकटींची रांग सरकत असते. म्हणून मराठी घरांतल्या पेनड्राइव्हवर फाइलींची नावे आजही रोमन लिपीत लिहिलेली सापडतात.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, ब्लूटूथ बहुतेक गाड्यांत पोचले. पहाडगंजच्या गल्ल्यांतल्या 'डाउनलोडिंग'च्या पाट्या उतरल्या. तरी भरून ठेवलेल्या गाण्यांची ओढ गेली नाही. सारेगामाने २०१७ मध्ये पाच हजार गाणी आधीच भरलेला 'कारवां' आणला, तेव्हा ज्येष्ठांनी तो उचलून धरला. त्यालाही यूएसबीचे तोंड आहे. आणि ऋषिकेश सोडून गाडी घाटाला लागली की मोबाइलची रेंज वळणावळणाला जाते. फोनवरचे गाणे तिथे गोल फिरत बसते, पेनड्राइव्हवरचे चालू राहते. देवप्रयागला चहासाठी थांबून गाडी पुन्हा सुरू केली की बरेच स्टीरिओ जिथे थांबले होते तिथूनच पुढे वाजू लागतात.

दहा-बारा दिवसांनी तीच ट्रॅव्हलर पहाडगंजला परत येते. ताडपत्री सुटते, गंगाजलाचे कॅन मोजले जातात, गाडी पकडायची घाई असते, आणि काकूंचा पेनड्राइव्ह स्टीरिओत तसाच राहतो. चालकाच्या ग्लव्हबॉक्समध्ये असे विसरलेले पेनड्राइव्ह साठत जातात, कोणाला देवाचे लॉकेट अडकवलेले, कोणावर निळ्या शाईने 'यात्रा' लिहिलेले. पुढच्या पहाटे अहमदाबादची मंडळी चढतात. त्यांनी काही आणलेले नसते. चालक हाताला येईल तो पेनड्राइव्ह लावतो, आणि गाडी यमुनेचा पूल ओलांडत असताना सांगलीच्या कोणा मुलाने आईसाठी क्रमाने भरलेली काकड आरती सुरू होते.